पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी करताना मर्यादा कशी आखायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, होऊन दोनेक वर्षं झाली आणि तुम्ही इंदूरमध्ये राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर या पट्ट्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करता. पेशंट बहुतेक मराठी, त्यातले निम्मे आई-बाबांच्या ओळखीतले. एका आजींच्या घरून दिवाळीला पैठणी आली, ती परत करायची राहून गेली. एका घरची सून व्यायाम संपला की स्वयंपाकघरात बोलावते आणि सासूबद्दल मन मोकळं करते. आणि खांदा जाम झालेले पन्नाशीतले एक गृहस्थ रात्री अकराला मेसेज करतात. सुरुवात खांद्यापासून, शेवट 'तुमच्याशी बोललं की फार बरं वाटतं' इथे. तुम्ही विचारता, माणूसघाणी न ठरता या सगळ्यांना नाही कसं म्हणायचं?

मीही याच शहरात हेच काम करते, आणि माझ्याकडे शिकलेल्या मुली आता स्वतंत्र व्हिजिट करतात, त्यामुळे हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे येतच असतो. माझ्या मते 'नाही कसं म्हणायचं' ही तुमची खरी अडचण नाही. पहिल्या दिवशी तुम्ही कुणालाच काही सांगितलं नव्हतं, अडचण ती आहे. त्यामुळे आता जे काही सांगाल ते त्या माणसाच्या वागण्याला दिलेलं उत्तर वाटणार. आजींना वाटणार, आपली पैठणी हिला आवडली नाही. सुनेला वाटणार, ही सासूच्या बाजूची निघाली. त्या गृहस्थांना वाटणार, आपल्यावर संशय घेतला. तीच गोष्ट पहिल्या व्हिजिटला सांगितली असती तर कुणाला लागायचं कारण नव्हतं, कारण तोवर कुणी काही केलेलंच नसतं.

यातलं बरंच परिस्थितीवर ठरतं, हेही सांगून टाकते. तुम्ही एखाद्या होम-केअर कंपनीतर्फे जाता की स्वतःच्या नावावर, याने फरक पडतो. तुमच्या जागी पुरुष फिजिओ असता तर स्पर्शाबद्दल मी आणखी कडक लिहिलं असतं. क्लिनिकमध्ये काम करणाऱ्यांचं मात्र अर्धं काम टेबल-खुर्चीच करते: बाहेर पाटी, आत रिसेप्शनला मुलगी, मधे पडदा, पुढचा पेशंट बाकावर घड्याळ बघत बसलेला. घरी यातलं काही नसतं. तुम्ही चपला दारात काढता, त्यांच्या दिवाणावर बसता, आणि आजोबा चष्मा वर करून विचारतात, 'तू रामबागेतल्या मास्तरांची नात ना गं?' झालं, तुम्ही त्यांच्या घरच्या झालात. त्याचा फायदा आहेच. मराठी घरात विश्वास कमवायला आपल्याला वेळ लागत नाही. पण तुम्ही तिथे कामाला आला आहात हे तिथल्या कुठल्याच वस्तूवरून दिसत नाही, ते तोंडानेच सांगावं लागतं.

म्हणून माझ्या मुलींना मी पहिल्या व्हिजिटला एक कागद द्यायला लावते. अर्धं पान, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. त्यात सिटिंग किती मिनिटांची, आठवड्यातून कुठले दिवस, फी किती आणि कधी द्यायची, सिटिंग रद्द करायची असेल तर किती वाजेपर्यंत कळवायचं, फोन कुठल्या वेळात घेते, सिटिंग चालू असताना घरात आणखी कोण असेल, किती सिटिंगनंतर मोजमाप करून पुढचं ठरवायचं, आणि खाली एक ओळ: फीखेरीज पैसे किंवा भेटवस्तू घेतल्या जात नाहीत. एवढंच. हा कागद हातात नुसता देऊ नका, वाचून दाखवा, अगदी व्यायाम सांगता त्याच आवाजात. 'काकू, हे मी सगळ्यांकडे सांगते' हे वाक्य त्यात हवंच. आपल्याकडे नियमाचा राग येत नाही. आपल्यापुरताच नियम लावला की येतो.

ज्यांच्याकडे तुम्ही आधीपासून जाता आहात त्यांचं काय? त्यांनाही द्या. महिन्याची पहिली तारीख बघा, सगळ्या पेशंटना त्याच आठवड्यात द्या, आणि सांगा की आता कामाची पद्धत नीट बसवते आहे. कुणा एकाला दिलात तर फसलात.

आता स्पर्श. आपल्या कामात तो टाळता येत नाही, आणि डॉक्टरपेक्षा आपला हात पेशंटच्या अंगावर जास्त वेळ असतो. परवानगी एकदा विचारून भागत नाही. गुडघा बदललेल्या आजींचा पाय वाकवताना मी आज विचारलं म्हणून परवा कंबरेला हात लावायची मुभा मिळत नाही. जागा बदलली की सांगायचं: 'आता मी इथे, पाठीच्या खालच्या मणक्यावर अंगठा ठेवणार आहे, दाब वाटेल, दुखलं तर लगेच थांबवा.' लागेल तेवढाच भाग उघडा, बाकी चादरीखाली. चादर आपली न्या. त्यांच्याकडे मागितली की सून कपाटातून नवीकोरी काढते आणि सगळं घर त्या खोलीत गोळा होतं.

सोबत कोण असावं, याचं उत्तर पुस्तकात सरळ आहे आणि घरात अवघड. बाईमाणूस सोबत असावं हे बरोबर. पण बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवताना सासू खुर्ची ओढून समोर बसली, तर ती मुलगी लघवी सुटते हे कबूल करणार आहे का? तिथे सोबत म्हणजे दार पूर्ण न लावता पडदा, बाहेरच्या खोलीत माणूस, आणि आतलं बोलणं आत. कोण सोबत हवं ते पेशंटला एकटीला विचारायचं. पुरुष पेशंट घरात एकटा असेल तर माझ्या मुली आत जात नाहीत. दारातूनच सांगतात, 'वहिनी आल्या की फोन करा, वेळ बदलून देते.' हा नियम ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही लागू. आजोबा दुखावतात, दुखावू देत.

पक्षाघाताचे पेशंट मात्र वेगळे धरायला हवेत, आणि कॉलेजात हे कुणी नीट सांगत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की माणसाचा स्वतःवरचा लगाम सुटू शकतो. आयुष्यभर सोवळ्यात वावरलेले गृहस्थ अचानक भलतंसलतं बोलतात, हात नको तिथे नेतात. काहींना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं आणि थांबवता येत नाही; ते तुमच्या हाताला धरून रडले म्हणून त्यांचा तुमच्यात जीव अडकला असं समजू नका. हे दुखण्याचाच भाग आहे. पण दुखण्याचा भाग आहे म्हणून तुम्ही सोसायचं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उभं राहायची बाजू बदला, चांगला हात कामात गुंतवा, त्यात चेंडू किंवा टॉवेल द्या. सपाट आवाजात एकच वाक्य: 'हात इथे ठेवा, आता मोजायचं.' हसून घालवू नका, ओरडू नका, दोन्हींनी ते वाढतं. व्हिजिटनंतर नोंद करा, घरच्यांना वेगळं घेऊन सांगा आणि न्यूरॉलॉजिस्टना कळवा, कारण त्यांना हे कुणीच सांगत नाही; बायको लाजते, मुलगा विषय बदलतो. आणि एकटीने जाणं बंद करा.

स्वयंपाकघरातल्या सुनेकडे येते. तिचं ऐकूच नका असं मी म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणारी बाई दिवसभर कुणाशी चार शब्द बोलत नाही, आणि ती थकली तर तुमचा पेशंट आधी खचतो. तिची झोप होते का, सासूला उचलताना तिची कंबर धरते का, हे विचारणं तुमचं कामच आहे. पण ते पेशंटच्या समोर, सिटिंगच्या वेळेत, आणि उपाय निघेल अशा बेताने. 'सासू मला आधीपासूनच पाण्यात बघते' इथे गाडी गेली की मी म्हणते, 'वहिनी, यात माझा उपयोग नाही. पण त्यांना बाथरूमला न्यायला दुपारी एक बाई मिळाली तर तुमचं ओझं हलकं होईल का?' बहुतेक वेळा होतं. तुमची पेशंट सासू आहे. दाराआड तिच्याबद्दल कुजबुज चालते हे तिला पलंगावरून ऐकू येतं, आणि मग ती व्यायामाला हात-पाय ढिले सोडते. मोजमाप पुढे सरकत नाही आणि तुम्ही कारण स्नायूंत शोधत बसता.

हे शहाणपण नवं नाही, आणि पाश्चात्त्यांचं तर नाहीच नाही. चरकसंहितेत विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याच्या शिष्याला केलेला उपदेश आहे. त्यात हेच येतं: रुग्णाच्या घरी ओळखीच्या आणि आत जायची मुभा असलेल्या माणसाबरोबर जावं, घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत, आणि नवऱ्याच्या किंवा घरच्या कर्त्याच्या संमतीवाचून बाईने दिलेली वस्तू घेऊ नये. तिसरी अट आज वाचताना खटकते. पण तिचा रोख बघा: घरातल्या बाकीच्यांच्या नकळत काही घ्यायचं नाही. तुमच्या पैठणीला तो बरोबर लागू पडतो.

घरच्या भांडणात ओढलं जाण्याचा सगळ्यात वाईट प्रकार मी सांगते, कारण तो मोहाचा नसल्यामुळे कुणी त्याबद्दल सावध करत नाही. उजवी बाजू गेलेले एक आजोबा होते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते. समोरच्याचं किती कळतं ते बाहेरून सांगता येत नाही, आणि 'नको' म्हणायचं तर शब्द सापडत नाही. हाताची पकड यावी म्हणून आम्ही पेनाला कापड गुंडाळून ते जाड केलं होतं आणि रेघांच्या वहीत सही गिरवत होतो. बरी जमायला लागली होती. एके दिवशी वही उघडली तर पानावर स्टँप पेपर ठेवलेला. घरातले एक जण म्हणाले, 'मॅडम, आजची प्रॅक्टिस यावरच करून घ्या, काकांचा मूड चांगला आहे.'

मी तो कागद उचलून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की सराव वहीतच होईल. कागदावर सही घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा की आजोबांना मजकूर समजतो का, आणि ती सही माझ्या सिटिंगमध्ये नको. पुढे त्या कागदाचं काय झालं ते मी विचारलं नाही. पण त्या दिवशीच्या नोंदीत जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं आणि न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. तुमच्यावरही ही वेळ येईल. मृत्युपत्राला निदान दोन साक्षीदार लागतात, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तसं आहे, आणि ठरल्या वेळी घरात येणारी, बाहेरची, शिकलेली बाई म्हणून सगळ्यांना पहिलं नाव तुमचंच आठवतं. 'फक्त साक्षीलाच तर हवंय' म्हणतील. जिच्या हाताने त्या माणसाचा हात चालतो, तिने त्याच्या सहीला साक्ष राहू नये. तिथे मी कुणाच्याही भिडेला पडत नाही.

खाण्यापिण्याचं फार मनावर घेऊ नका. इंदूरमध्ये सकाळच्या व्हिजिटला 'दीदी, पहले पोहा' हे येणारच, जिलेबीसकट, आणि बशीवर जिरावण, म्हणजे इथला पोह्यांवरचा मसाला, आधीच भुरभुरलेलं असतं. मी सिटिंगआधी काही खात नाही, नंतर पाणी किंवा चहा घेते. पोहे शेवटच्या दिवशी, हे सगळ्या घरांना माहीत आहे आणि तोच आता एक विनोद झाला आहे. कारणही साधं: दर घरी पंधरा मिनिटं पोह्यांना दिली की अकराच्या पेशंटकडे तुम्ही बाराला पोचता. फराळाचा डबा आला तर घ्या, क्लिनिकमध्ये सगळ्यांत वाटा. संक्रांतीचं वाणही घ्या. कपडा, सोनं, रोख रक्कम नाही. उपचार चालू असताना आलेली मोठी भेट मला उपचार संपल्यावर आलेल्या भेटीपेक्षा जास्त खटकते, कारण पुढच्या सिटिंगला पाच मिनिटं जादा मागताना ती दोघांच्याही डोळ्यांसमोर असते. पैठणी परत करा, घरच्या सगळ्यांसमोर, आणि हातात तो कागद असू द्या. आजी रडल्या तर त्यांना सांगा, गुडघ्याचा उरलेला पंधरा अंशांचा वाक द्या, मला तेवढंच हवंय. गुडघ्याच्या पेशंटला हे लगेच समजतं, कारण गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला की त्याही आकडा वाचायला मान उंचावतात.

बाहेर भेटतात त्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या लोकांत तेच जास्त होतं. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात कुणीतरी गाठतंच: 'काय हो, अमक्या काकांचं कसं चाललंय? तुम्हीच जाता ना?' तुम्ही 'बरं आहे' म्हणालात तरी तुम्ही तिथे जाता हे सांगून झालं. माझं ठरलेलं उत्तर आहे, 'त्यांना फोन करा ना, तुमचा आवाज ऐकून त्यांना बरं वाटेल.' काहींना राग येतो. पण विचारणाऱ्यालाही उद्या तुमची गरज लागणार असते, आणि तेव्हा त्याला हेच आठवतं. लग्नाच्या पंगतीत 'जरा माझी मान बघ गं' म्हणणाऱ्यांना वेळ द्या, पण उद्याची आणि क्लिनिकमधली. पंगतीत मान मोडून दाखवू नका. पेशंटच्या घरी हळदीकुंकवाला बोलावलं तर मी जाते, दहा मिनिटं बसते, दुखण्याचा विषय काढत नाही. आपल्या समाजात पेशंटशी बाहेर ओळखच ठेवायची नाही असं ठरवलं तर राजेंद्र नगर सोडूनच जावं लागेल.

आणि स्थळं! तुमचं लग्न व्हायचं असेल तर एखादी काकू पायाला शेक घेता घेता भाच्याची पत्रिका काढणारच. त्यात गैर काही नाही, भाचा तुमचा पेशंट नाही. 'ते आईकडे द्या काकू, आता पाय उचला.' मात्र स्वतः पेशंटकडूनच असं काही आलं, किंवा तुम्हालाच कुणाबद्दल काही वाटायला लागलं, तर उपचार आणि ते एकत्र चालत नाही. आपण देव नाही, वाटू शकतं. माझी खूण सोपी आहे: एखाद्या पेशंटसाठी तुम्ही असं काही करता आहात का, जे फाइलमध्ये लिहिताना पेन थांबेल? त्यांच्याकडे जायच्या दिवशी वेगळी कुर्ती. त्यांची सिटिंग शेवटची ठेवणं, म्हणजे उशीर झाला तरी चालेल. फी न सांगता कमी करणं. जे लिहिता येत नाही ते त्याच आठवड्यात एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला सांगा.

नोंदी ठेवता ना? डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून २००२ चेच चालतात. फिजिओथेरपी २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा कायद्याखाली येते, तेव्हा ते नियम आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण मोजपट्टी म्हणून मी तेच वापरते. पेशंटशी गैर संबंध ठेवणं हा त्यात गैरवर्तनाचा प्रकार आहे, पेशंटचं गुपित सांभाळायचं आहे, नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आहेत, आणि एकदा हाती घेतलेला पेशंट पुरेशी कल्पना दिल्याशिवाय सोडायचा नाही. हा शेवटचा मुद्दा तुमच्या तिसऱ्या पेशंटसाठी लक्षात ठेवा.

तर ते मेसेजवाले गृहस्थ. मी त्यांना लगेच लंपट ठरवणार नाही. खांदा जाम झाला की महिनोन् महिने जातात, मधुमेह असला तर आणखी. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, म्हणून अकराला मेसेज येतो. आणि आठवड्यातून तीनदा एक माणूस पाऊण तास फक्त त्यांच्याकडे लक्ष देतं, हात धरून, 'आज किती वर गेला?' असं विचारतं. घरी इतकं कुणी विचारत नसेल. त्यातून काय वाटेल ते वाटू शकतं, आणि त्या वाटण्याशी तुमचा काही संबंध नसतो. तिथे दुसरी कुणी फिजिओ असती तरी तेच झालं असतं. एवढं समजून घ्या म्हणजे तुम्हाला अपराधी वाटणार नाही. पण समजून घेणं त्यांना कळू देऊ नका, ते त्यांना प्रोत्साहन वाटेल.

आजवर तुम्ही हसण्याची चित्रं पाठवून वेळ मारून नेलीत, ते बंद. उद्या दिवसा, रात्री नाही, हा मेसेज पाठवा: 'नमस्कार. या नंबरवर सिटिंगची वेळ आणि व्यायाम एवढंच बोलू, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. इतर मेसेजना मी उत्तर देत नाही, ते पाठवू नयेत ही विनंती. रात्री दुखलं तर सांगितल्याप्रमाणे उशी घ्या, जास्त दुखलं तर तुमच्या डॉक्टरांना फोन करा.' 'सॉरी' नको, 'गैरसमज नसावा' तर नकोच. कामासाठी दुसरा नंबर घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ठरल्या वेळेबाहेर मेसेज आला की आपोआप उत्तर जातं आणि रात्री तुम्हाला फोन बघावा लागत नाही. जुने मेसेज पुसू नका. सगळ्यांचे फोटो तारखेसकट वेगळे ठेवा आणि फाइलमध्ये एक ओळ लिहा.

लेखी आणि स्पष्ट लिहा म्हणते त्याला कारण आहे. भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात, बाईने नाराजी स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष वारंवार संपर्क करत राहिला तर तो पाठलागाचा गुन्हा धरला आहे. म्हणजे 'स्पष्ट दाखवली' हे तुमच्याकडे असायला हवं, आणि हसण्याच्या चित्रांतून ते सिद्ध होत नाही. कंपनीतर्फे जात असाल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदाही आहे. त्यात कामानिमित्त गेलेली जागा, अगदी कुणाचं घरसुद्धा, कामाचं ठिकाण धरतात, आणि बाहेरच्या माणसांपासून तुम्हाला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. कंपनीत दहापेक्षा कमी लोक असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कंपनीला आजच ईमेल करा, फोनवर सांगून थांबू नका. आणि प्रत्यक्ष अंगचटीला आले, दार अडवलं, तर तिथे शिष्टाचार नाही: बाहेर पडायचं आणि ११२ ला फोन. बॅग राहिली तर राहू दे.

मेसेजनंतर ते थांबले, पुढच्या सिटिंगला नजर खाली घालून आले, तर विषय काढू नका. कोन मोजा, काम सुरू करा. बरेच जण तिथेच सुधारतात. पण आणखी एक जरी तसा मेसेज आला तरी पेशंट दुसऱ्याकडे द्यायचा. तुम्ही जायचं नाही. शक्यतो पुरुष फिजिओ, आणि क्लिनिकमध्ये. नुसतं ब्लॉक करून गायब होऊ नका, नाहीतर खांदा अर्धवट राहील आणि दोष तुमच्यावर येईल. एक पत्र तयार करा: निदान, कधीपासून उपचार, पहिल्या दिवशी हात बाजूला आणि बाहेर किती वळत होता, आज किती, कुठले व्यायाम चालू, साखर किती असते. कारणाच्या जागी 'यापुढे मला व्हिजिट शक्य नाहीत' एवढंच. नव्या फिजिओला मात्र फोनवर खरं सांगा. पत्राची एक प्रत त्या गृहस्थांना, एक त्यांना पाठवणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना. तिकडची पहिली अपॉइंटमेंट तुम्हीच ठरवून द्या, ते तिथे पोचल्याचं कळलं की तारीख टाका आणि फाइल बंद करा.